चित्राबद्दल सगळं बोलतो, पैशाबद्दल कुणीच नाही

कळवा_स्लो

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. इथे चित्रकार, नाटकवाले, मूर्तिकार बरेच आहेत, म्हणून लिहिते.

मी चित्रं काढते, पोटासाठी. लहान मुलांची पुस्तकं, दिवाळी अंकांतली आतली रेखाटनं, मध्येच एखाद्या सोसायटीची भिंत. राहायला कळव्यात. रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण ठाण्यात कुठेतरी बसून जलरंगात काम करतो. उपवन, मासुंदा, चेंदणी कोळीवाडा, पाऊस उघडला की येऊर. त्यातले दोघं नोकरी करून रंगवतात, बाकीचे माझ्यासारखेच, कामं मिळतील तशी घेणारे.

या मंडळींशी मी काय बोलत नाही? कुणाचं आभाळ मळलंय हे आम्ही तोंडावर सांगतो. एकाच्या सगळ्या झाडांना आम्ही 'फ्लॉवरचा गड्डा' म्हणतो आणि तोही म्हणतो. कुणाच्या आईला कुठल्या गोळ्या चालू आहेत, कुणाचं लग्न कशावर अडलंय, सगळं माहीत. एकमेकांच्या नळीतला रंग न विचारता पिळून घेतो. पण यातला एकही जण एका पानाचे किती घेतो हे मला माहीत नाही, आणि माझा दर त्यांना माहीत नाही.

आता झालं असं की, एका प्रकाशकाने मुलांच्या पुस्तकांच्या मालिकेसाठी नमुन्याची पात्रं मागितली. एक मुलगी, तिची आजी आणि एक शेळी. मी काढून दिली, पानामागे १८०० सांगितले. 'कळवतो' म्हणाले आणि गप्प झाले. परवा रविवारी मासुंद्याच्या कट्ट्यावर आमच्यातलाच एक मित्र टॅबवर नवीन काम दाखवत होता. तीच मालिका. शेळी बघितल्याबरोबर कळलं, कारण तिचा डावा कान मी मुद्दाम दुमडलेला ठेवला होता आणि याच्याही शेळीचा डावा कान दुमडलेला. मी काही बोलले नाही. चहा झाला, घरी आले. मग दुसऱ्या एकीकडून कळलं की त्याने ते ९०० ने घेतलंय.

माझी चित्रं त्याला 'संदर्भ' म्हणून दिली असणार. ती माझी आहेत हे त्याला माहीत नसावं असं वाटतं. निदान तसं वाटून घेतेय.

बोलू का? आणि तुमच्या तुमच्या क्षेत्रात मित्र एकमेकांना दर सांगतात का, हे खरंच जाणून घ्यायचंय.

जांभळीनाका

बोलून मोकळ्या व्हा. आवंढा गिळून रविवारी परत त्याच्याच शेजारी बसणार आहात का?

बाकी ९०० ला एक पान? रंगासकट? कठीण आहे.

तिसरी_घंटा

आमच्याकडे उलटा प्रकार. मी नेपथ्याच्या कामात आहे, मुख्यतः फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी, रंगवणं आणि दौऱ्यावर सेट लावणं. नाटकात प्रत्येकाची 'नाइट' ठरलेली असते, म्हणजे प्रयोगामागे मिळणारे पैसे. आणि कुणाची नाइट किती हे विंगेत, टेम्पोत, जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना माहीत असतं. कुणी लपवायचं म्हटलं तरी लपत नाही, कारण पाकिटं एकाच टेबलावरून वाटली जातात. गडकरी रंगायतनला दुपारचा प्रयोग आणि रात्री घाणेकर नाट्यगृहात दुसऱ्याच नाटकाचा सेट लावायचा, अशा दिवशी माणूस माणसाला विचारतोच, 'तिकडे काय देतात रे?' उत्तर खरं मिळतं. खोटं सांगितलंच तर पुढच्या दौऱ्यात उघडं पडतं.

त्याने भांडणं कमी होतात असं मात्र नाही. होतात, पण निर्मात्याशी. आपापसात कमी.

तुमची अडचण अशी की तुम्ही चित्रकार मंडळी रविवारी एकत्र आणि सोमवार ते शनिवार आपापल्या घरात एकटी. पाकीट घेताना शेजारी कुणी नाही.

ओला_कागद

धागा वाचून जुनं बरंच आठवलं. मी जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा, नंतर ठाण्यात एका शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुलं घासून घेतली, कारण पालकांना दहावीचे वाढीव गुण हवे असतात. त्यातली काही पुढे खरंच चित्रकार झाली, बहुतेकांनी ब्रश परत हातात धरला नाही.

दराचं म्हणाल तर आमच्या पिढीत ते विचारणं असभ्य मानलं जाई. याची गंमत ग्रुप शोच्या वेळी कळते. जहांगीर कलादालनाची तारीख एकट्याने मिळवायची तर काही वर्षं थांबायची तयारी लागते, म्हणून आम्ही चार जण मिळून प्रदर्शनं करायचो, ठाण्यात कलाभवनात किंवा मुंबईत जिथे जमेल तिथे. चित्रं लावून होत, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) पुसून होत, आणि मग किंमतपत्रक करायची वेळ येई. चौघे पेन घेऊन बसलेले. 'तू सांग आधी.' 'नाही, तू सांग.' एक जण तेवढ्यात सिगारेट ओढायला बाहेर. शेवटी ज्याचं अक्षर चांगलं तो पहिला आकडा लिही आणि बाकीचे त्याच्या आसपासचे आकडे सांगत. म्हणजे आमच्या चित्रांची किंमत ज्याचं अक्षर चांगलं तो ठरवायचा! विनोद नाही, असंच व्हायचं.

मोठ्यांची मैत्री आपण फार भाबडेपणाने सांगतो. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे या सहांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. आरा गाड्या धुवायचा, हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवायचा आणि एका फर्निचर कंपनीसाठी खेळणी काढायचा. यांची चित्रं लोकांपुढे आली त्यात एकमेकांच्या आधाराचा वाटा होताच, पण त्याहून मोठा वाटा तीन परक्या माणसांचा. लँगहॅमर, फॉन लायडन आणि श्लेसिंगर, तिघंही नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले. लँगहॅमरच्या घरी या पोरांचा राबता असे, लायडन वर्तमानपत्रात लिहायचा आणि श्लेसिंगर चित्रं विकत घ्यायचा. जागा, प्रसिद्धी आणि गिऱ्हाईक, तिन्हींची सोय. ग्रुप म्हणाल तर फार टिकला नाही. सूझा १९४९ ला लंडनला गेला, रझा १९५० ला पॅरिसला. बाकरे शिल्पकार, तेही परदेशी जाऊन आले आणि शेवटी कोकणात मुरुड-हर्णैला राहिले. २००७ मध्ये गेले तेव्हा किती जणांना कळलं?

पुढे वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये नाममात्र भाड्याने स्टुडिओ मिळायचे. गायतोंडे, हुसेन, तय्यब मेहता, अल्काझींची नाटकं, रविशंकरांची सतार, सगळं एका छपराखाली. मला त्या जागेचा हेवा वाटतो तो भाड्यासाठी. मैत्री आपोआप होते हो, रोज त्याच जिन्यावर भेटलं की. आज ठाण्यात चार चित्रकारांनी मिळून एक खोली घ्यायची म्हटलं तर डिपॉझिटच्या आकड्यावरच मैत्री संपेल.

ताई, तुमच्या मित्राशी बोला. पण आधी शेळीबद्दल बोला, ९०० बद्दल नंतर. मला शेळीचा प्रकार जास्त गंभीर वाटतो.

साडेतीन_टक्के

मी चित्रकार नाही, हिशोब तपासणारा माणूस. म्हणून थोडं कडू बोलतो, राग मानू नये.

एक, मित्राने ९०० ने घेतलं हा विश्वासघात वगैरे काही नाही. त्याला तुमचा १८०० माहीत नव्हता हे तुम्हीच लिहिलंय. न सांगितलेला दर कुणी मोडू शकत नाही. आणि सगळ्यांनी मिळून एकच दर धरला तर गिऱ्हाईक मुकाट्याने देईल असं समजू नका, ते दिल्लीला किंवा इंदूरला काम देईल. इंटरनेटवर फाइल पाठवायला लोकलचा पास लागत नाही.

दोन, ओला_कागद म्हणतात ते बरोबर, शेळीचा मुद्दा वेगळा आणि पक्का आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातल्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला देणं हे लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. तुम्ही नोकरीत नाही, पैसे घेतले नाहीत, सही केली नाही. पात्रं तुमचीच आहेत. पुढच्या करारांसाठीही ध्यानात ठेवा: हक्क किती काळासाठी दिले ते लिहिलं नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशापुरते ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. प्रकाशकांचे छापील करार 'कायमस्वरूपी, सर्व जगभर, सर्व माध्यमांत' असे असतात ते याच कारणाने. वाचल्याशिवाय सही करू नका.

तीन, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, केली आहे का? नसेल तर आजच करा, फुकट आहे. नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. शिवाय २०२३-२४ पासून आयकरात अशी तरतूद आली की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. ही एक ओळ बिलाखाली टाकली की मार्चमध्ये फोन उचलले जातात, हा माझा अनुभव.

कच्चा_लिंबू

मी त्या मित्राच्या बाजूने लिहिणार आहे. मला कुणी विचारलेलं नाही, तरी.

अप्लाइड आर्ट करून बाहेर पडले त्याला फार वर्षं झाली नाहीत. राहते दिव्याला. कॉलेजात आम्हाला टायपोग्राफी शिकवली, कॅम्पेन करायला शिकवलं, पण कोटेशन कसं द्यायचं हे कुणी शिकवलं नाही. पहिल्या कामाला समोरच्याने विचारलं 'किती?' तेव्हा मी मनातल्या मनात ट्रेनचा पास, कागद आणि घरात द्यायचे पैसे यांची बेरीज केली आणि तो आकडा सांगितला. तो लगेच 'हो' म्हणाला. इतक्या लगेच 'हो' म्हणाला की समजायचं ते समजले.

मग सीनियर लोकांना विचारायला गेले. उत्तरं अशी: 'तुझ्या कामावर आहे.' 'आपली किंमत आपण ओळखावी.' 'सुरुवातीला पैशाकडे बघू नये.' एकानेही आकडा सांगितला नाही. आणि मग हेच लोक म्हणतात की नवीन पोरं मार्केट खराब करतात! मार्केटचा दर आम्हाला सांगितलाय कुणी?

१८०० हा आकडा मला आज या धाग्यावर पहिल्यांदा कळला. मी ७०० घेते. पुढच्या महिन्यापासून घेणार नाही.

जांभळीनाका

कच्चा_लिंबू, जियो.

वाशीकर_जुना

इलस्ट्रेशनच्या दराची रड जुनी आहे. त्यावर जुन्यांनी काढलेला तोडगा बघा. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचाच 'दीपावली' अंक काढला. मुळगावकरांनी 'रत्नप्रभा'. दोघंही गोव्याहून आलेले, दोघांची मुखपृष्ठं एकाच काळात स्टॉलवर लटकायची आणि घराघरांत दलालवाले आणि मुळगावकरवाले असे तट असायचे. आमच्या घरी आई दलाल, मावशी मुळगावकर. चित्रकाराने स्वतःच प्रकाशक व्हायचं म्हणजे दर सांगायला समोर कुणी उरत नाही. तोटा झाला तरी आपलाच!

अवांतर: जलरंगवाल्यांना एक विचारतो. वाशीत खाडीच्या बाजूला घर आहे. पावसाळ्यात माझ्या जुन्या चित्रांवर पांढरे-तपकिरी ठिपके येतात. आणि कोऱ्या कागदावर रंग टाकला की काही जागी टिपकागदासारखा आत शोषला जातो. कागद महाग आहे, १०० टक्के कॉटन, ३०० जीएसएम. काय करावं?

ओला_कागद

वाशीकर, ठिपके ही बुरशी आणि शोषला जातो तो कागदाच्या सायझिंगचा, म्हणजे लेपाचा, दोष. चांगल्या कागदाला जिलेटिन किंवा तशाच पदार्थाचं सायझिंग असतं, त्यामुळे रंग वर थांबतो आणि आपल्याला खेळायला वेळ मिळतो. सतत दमट हवेत ते जागोजागी मरतं. मेलेल्या कागदावर जलरंग नीट बसत नाही. पेन्सिल, चारकोल, नाहीतर अपारदर्शक गव्हाश वापरा, फेकू नका. नवीन कागद आणला की पुरता उघडू नका. प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून, भिंतीला न टेकवता, आडवा ठेवा. गठ्ठ्याने स्वस्त पडतो म्हणून जूनमध्ये मोठी खरेदी करणं हा ठाणे-नवी मुंबईत शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. लागेल तेवढाच आणा किंवा चौघांत वाटून घ्या.

फ्रेम केलेल्या चित्राची काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट हवाच. आणि फ्रेमवाल्याला मागचा पुठ्ठा कुठला घालतो ते विचारा. फ्रेमवाला हा चित्रकाराचा सगळ्यात दुर्लक्षित मित्र. केकू गांधींचा धंदा मुळात फ्रेमचाच, १९४१ पासूनचा. दुकानात चित्रं लावता लावता पुढे १९६३ ला जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उभी राहिली.

आखणीवाला

उशिरा लिहितोय, सीझनची तयारी चालू आहे.

मी गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. डोळे, भुवया, गंध. बाकी रंगकाम दुसरे करतात, डोळ्याला मोजकेच हात लावतात. आमच्यात दर उघड असतो. मूर्तीच्या उंचीप्रमाणे मूर्तीमागे पैसे, कारखान्याच्या पत्र्यावर खडूने लिहिलेले. नवीन पोरगा आला तरी तोच दर, फक्त त्याला आधी लहान मूर्ती देतात. चुकला तर पुसून परत करायला सोपं जातं. कोण किती मूर्ती उरकतो तेवढाच फरक.

मैत्री म्हणाल तर शेवटच्या आठवड्यात आम्ही एकमेकांचं तोंडच बघतो, घरच्यांचं नाही. रात्री दोननंतर हात थरथरायला लागला की शेजारच्याला सांगायचं, 'माझे चार डोळे तू कर.' तो करतो. दुसऱ्या दिवशी मी त्याचे करतो. हिशोब कुणी लिहून ठेवत नाही. पण याला कारण आहे, पत्र्यावरचा दर दोघांनाही सारखाच असतो. तो वेगळा असता तर मी माझे चार डोळे दिले असते का, सांगता येत नाही.

साडेतीन_टक्के

आखणीवाला, प्रतिसाद आवडला, पण तिथे मालक एक आणि काम एकसारखं. पुस्तकातलं एक पान आणि दुसरं पान सारखं नसतं. १८०० वाल्या पानात काय काय येतं हे कोण ठरवणार?

कळवा_स्लो

सगळ्यांचे आभार. साडेतीन_टक्के, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून टेबलासमोर लावलाय. उद्यम नोंदणी केली.

बोलले त्याच्याशी. रविवारी नाही, मुद्दाम मंगळवारी, कळवा नाक्यावर. आधी शेळी. त्याचं म्हणणं असं: हात ओळखीचा वाटला होता, पण प्रकाशकाने सांगितलं की ऑफिसातल्या मुलीने काढलंय, तुम्ही फक्त नीट करून घ्या. 'मग मला का नाही विचारलंस?' तर म्हणे, 'विचारलं असतं आणि तुझंच निघालं असतं तर काम सोडावं लागलं असतं. गाडीचा हप्ता होता.' इतकं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. राग आला आणि उतरलाही, तिथेच. अजून थोडा शिल्लक आहे, पण तो माझा मी बघेन.

मग दर. मी १८०० म्हटल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याला वाटत होतं मी हजाराच्या आसपास घेत असणार आणि आपण शंभरने खाली राहिलो की काम मिळेल. इतकी वर्षं शेजारी बसून एकमेकांच्या आभाळावर बोलत होतो!

त्याने काम सोडलेलं नाही. मीही सोड म्हटलं नाही, पाच पुस्तकं होत आली आहेत. त्याने प्रकाशकाला मेल केली की पात्रं हिची आहेत, पुस्तकावर हिचं नाव हवं आणि तिचे पैसे वेगळे द्या. मी पात्रांचं बिल पाठवलं, खाली ती व्याजाची ओळ टाकली. प्रकाशकांचा फोन आला, आवाज चढलेला होता. पैसे अजून आलेले नाहीत. आले तर लिहीन, नाही आले तरी लिहीन.

आमच्या रविवारच्या व्हॉट्सॲप गटात मी माझे दर टाकले. आतलं पान, मुखपृष्ठ, भिंत चौरस फुटाप्रमाणे, दुरुस्त्या किती वेळा फुकट, सगळं. अर्धा दिवस कुणी काही बोललं नाही. मग एकाने त्याचे टाकले. मग फ्लॉवरच्या गड्ड्याने. त्याचे आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त निघाले.

जांभळीनाका

फ्लॉवरवाल्याचे जास्त?! हा धागा इथेच वर काढून ठेवा.

तिसरी_घंटा

साडेतीन_टक्के, पानात काय येतं हे ठरवता येतं की. आमच्याकडेही एक फ्लॅट म्हणजे सरसकट एक फ्लॅट नसतो. नुसता रंग, विटांचं टेक्स्चर, खिडकीचा फ्लॅट, सगळ्यांचे वेगळे. कळवा_स्लो यांनी गटात टाकलेली यादी इथेही टाकली तर कच्चा_लिंबूसारख्यांना उपयोग होईल. मनात असेल तरच.

कळवा_स्लो

टाकते. आधी गटातल्या बाकीच्यांना विचारते, त्यांचे आकडे त्यांचे आहेत. माझे माझ्यापुरते असे: आतलं पूर्ण पान रंगीत १८००, अर्धं पान ११००, फक्त रेषांचं ७००, मुखपृष्ठ ६०००. दोनदा दुरुस्ती फुकट, तिसऱ्यांदा पैसे. नमुना चित्राचे आता ५००, काम मिळालं तर बिलातून वजा. हे नमुन्याचं नवीन आहे, शेळीच्या कृपेने.

कच्चा_लिंबू

वाचनखूण साठवली. नमुन्याचे पैसे मागितल्यावर लोक पळून जात नाहीत?

कळवा_स्लो

आतापर्यंत दोघांकडे मागितले. एक पळाला.

आखणीवाला

दराचं चाललंच आहे तर इथेच लिहितो. श्रावण लागला की आखणीला हात कमी पडतात. ज्यांचा ब्रशवर ताबा आहे त्यांनी यावं, चित्रकार असाल तर लवकर जमतं, फक्त स्वतःची स्टाइल घरी ठेवून यायची. कारखाना ठाण्यातच आहे, स्टेशनवरून रिक्षा मिळते. फुटाच्या आतली मूर्ती १२०, दोन फुटांपर्यंत २२०, त्याच्या वर बोलून ठरेल. चहा-नाश्ता आमचा. पैसे दर शनिवारी रोख. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कच्चा_लिंबू

व्यनि केलाय. रात्री दोननंतरचा दर तोच का?